एका पत्रापासून पदवीपर्यंत : क्रीडा व्यवस्थापनाच्या शिक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

क्रीडा व्यवस्थापन या विषयात पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का, असा विचार तुमच्यापैकी अनेकांच्या मनात येत असेल. शाळा-महाविद्यालयात खेळलेले असता, खेळ सोडवत नाही. पण खेळाडू म्हणून पुढे जाता येईल याची खात्री नसते. अशा वेळी ‘खेळाच्या क्षेत्रातच राहता येईल’ असे सांगणारा हा अभ्यासक्रम जवळचा वाटतो. घरून मात्र पहिला प्रश्न येतो, “हे शिकून नोकरी कोणती मिळणार?”

हा प्रश्न रास्त आहे, आणि या विषयाचा जन्मच त्याच्या उलट बाजूने विचारलेल्या प्रश्नातून झाला आहे. ‘माझ्याकडे काम आहे, ते करायला शिकलेला माणूस कुठे मिळेल?’ असे एका मालकाने एका प्राध्यापकाला विचारले होते. बहुतेक विद्याशाखांत आधी विषय आला आणि मग त्याचे व्यवसाय निघाले. इथे आधी काम होते, माणूस नव्हता. म्हणून विषय तयार करावा लागला.

या घटकात आपण तीन गोष्टी पाहू. हा विषय अमेरिकेत कसा सुरू झाला, भारतात तो उशिरा का आला, आणि या इतिहासातून आजच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या वाटचालीसाठी काय घ्यावे.

ब्रुकलिनमधला प्रश्न

१९५७ साली वॉल्टर ओमॅली हे न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक होते. संघ लोकप्रिय होता, पण त्याचे एबेट्स फील्ड हे मैदान जुने आणि लहान झाले होते. साधारण बत्तीस हजार प्रेक्षक मावत आणि मोटारी उभ्या करायला पुरेशी जागा नव्हती. ओमॅलींना ब्रुकलिनमध्येच नवे मैदान बांधायचे होते. त्यासाठी हवी असलेली जागा शहराच्या बांधकाम कारभारावर पकड असलेल्या रॉबर्ट मोझेस यांनी दिली नाही. शेवटी १९५७चा हंगाम संपल्यावर संघ थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला गेला. तिथे डॉजर स्टेडियम १९६२ साली उघडले.

१९५७ सालीच ओमॅलींनी मायामी विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणारे जेम्स मेसन यांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा : क्रीडांगण, प्रेक्षागृह, शर्यतीचे मैदान, प्रदर्शनाची जागा असे काही चालवण्यासाठी, किंवा एखाद्या संघाच्या अथवा लीगच्या कचेरीत जबाबदारीचे पद सांभाळण्यासाठी, शिक्षणाने तयार झालेला माणूस हवा असेल तर तो शोधायला जायचे कुठे?

ओमॅली चांगला खेळाडू किंवा प्रशिक्षक मागत नव्हते. त्यांच्यापुढे जागेचा करार, बांधकाम, तिकिटे, वाहनतळ, नगरपालिकेशी वाटाघाटी आणि कर्मचारी असे प्रश्न होते. यांतला प्रत्येक प्रश्न हाताळणारा माणूस बाजारात होता. वकील होते, हिशेबनीस होते, अभियंते होते. पण ही सगळी कामे खेळाच्या संदर्भात एकत्र पाहणारा माणूस कोणतेही विद्यापीठ तयार करत नव्हते.

ओहायो, १९६६

मेसन यांनी मायामीत अभ्यासक्रमाचा आराखडा तयार केला, पण तिथे तो प्रत्यक्षात आला नाही. पुढे ते ओहायो विद्यापीठात गेले आणि १९६६ साली तिथे क्रीडा प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. या विषयातला पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम म्हणून तो ओळखला जातो. पत्र आणि पहिला वर्ग यांत नऊ वर्षे गेली. मागणी दिसत असूनही विद्यापीठाला नवा विषय स्वीकारायला इतका वेळ लागला, हे ध्यानात ठेवा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्स विद्यापीठासह इतर ठिकाणीही असे अभ्यासक्रम आले आणि पदवी पातळीवरही विषय शिकवला जाऊ लागला.

अमेरिकेतच हे आधी का घडले, याची दोन कारणे समजून घ्या. पहिले, तिथे व्यावसायिक संघ खाजगी मालकीचे होते. नफा-तोट्याची झळ मालकाला थेट बसत होती, म्हणून पगारी व्यवस्थापक नेमण्याची गरज त्याला आधी जाणवली. दुसरे, तिथली विद्यापीठे स्वतःच खेळाची मोठी आयोजक होती. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये १९०५ साली खेळाडूंचे मृत्यू झाले, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यात लक्ष घालावे लागले, आणि १९०६ साली महाविद्यालयीन खेळांवर देखरेख करणारी संघटना स्थापन झाली. तीच पुढे एनसीएए म्हणून ओळखली गेली. म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या आवारातच मोठी मैदाने, तिकीटविक्री आणि पगारी क्रीडा संचालक होते. विद्यार्थ्याला कामाचा अनुभव घ्यायला लांब जावे लागत नव्हते. या विषयात प्रत्यक्ष उमेदवारीला, म्हणजे इंटर्नशिपला, सुरुवातीपासून जे महत्त्व आले त्याचे मूळ इथे आहे.

विषयाला शिस्त येते

एखादा विषय विद्यापीठात रुजला की नाही, हे ओळखण्याची एक खूण आहे. त्या विषयाच्या अभ्यासकांची संघटना आणि संशोधनपत्रिका निघाली का, ते पाहावे. उत्तर अमेरिकेतील क्रीडा व्यवस्थापन संघटना १९८५ साली स्थापन झाली. तिची ‘जर्नल ऑफ स्पोर्ट मॅनेजमेंट’ ही पत्रिका १९८७ साली सुरू झाली. युरोपातील संघटना १९९३ साली आली. २००० साली फिफाच्या नावाने ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्लंड, इटली आणि स्वित्झर्लंड येथील तीन विद्यापीठीय संस्थांत मिळून सुरू झाला.

याच काळात दोन ऑलिंपिक स्पर्धांनी जगाचे लक्ष आयोजनाच्या खर्चाकडे वेधले. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकचे कर्ज फेडायला २००६ साल उजाडले. म्हणजे तीस वर्षे गेली. हा अनुभव ताजा असताना १९८४च्या स्पर्धेसाठी लॉस एंजेलिसशिवाय दुसरे शहर उरले नव्हते. तिथल्या समितीचे प्रमुख पीटर युबेरॉथ यांनी शक्यतो जुनीच मैदाने वापरली, मोजकेच पण मोठी रक्कम देणारे प्रायोजक घेतले आणि प्रक्षेपणाचे हक्क चांगल्या किमतीला विकले. स्पर्धेअखेर वीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम शिल्लक राहिली.

युबेरॉथ हे क्रीडा व्यवस्थापनाचे पदवीधर नव्हते. ते प्रवास व्यवसायातून आलेले होते. पदवी नसलेला माणूस यशस्वी झाला म्हणून पदवी निरुपयोगी, असा निष्कर्ष काढू नका. त्यांच्या कामातून दिसते ते हे की या क्षेत्रात करार वाचता येणे, खर्चाचा अंदाज बांधता येणे आणि वाटाघाटी करता येणे या गोष्टींना मोल आहे. अभ्यासक्रमाने त्या दिल्या तरच अभ्यासक्रमाला मोल आहे.

भारत : मानद कार्यकर्त्यांचा काळ

आता आपल्याकडे वळू. भारतात खेळाच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे, पण ती शारीरिक शिक्षणाची आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले. मद्रासमध्ये १९२० साली वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय हॅरी क्रो बक यांनी सुरू केले. स्वातंत्र्यानंतर ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई महाविद्यालय १९५७ साली, म्हणजे ओमॅलींच्या पत्राच्याच वर्षी, उभे राहिले. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली आली. या संस्थांनी शिक्षक आणि प्रशिक्षक घडवले. स्पर्धा भरवणे, पैसा उभा करणे, मैदान चालवणे ही कामे मात्र पगारी व्यवसाय मानली जात नव्हती. ती हौसेने, पदरमोड करून करायची.

या हौसेचे ऋण मोठे आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असलेल्या सर दोराबजी टाटा यांनी तिथल्या शर्यतींत अनवाणी धावणारे तरुण पाहिले आणि ऑलिंपिकचा विचार पुढे आणला. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला चार धावपटू आणि दोन मल्ल गेले, आणि त्या खर्चाचा मोठा भार टाटांनी उचलला. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली तेव्हा तेच पहिले अध्यक्ष झाले. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या. गुरुदत्त सोंधी आणि अँथनी डिमेलो यांच्यासारख्या संघटकांनी त्या पार पाडल्या.

पण हौसेला मर्यादा असते. त्या मर्यादेचे उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव यांच्या आयुष्यात आहे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली, पण जाण्याच्या खर्चाची सोय नव्हती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

ही गोष्ट आपण त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि तशी ती आहेच. पण व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने ती आणखी एका बाजूने वाचावी. निवड झालेल्या खेळाडूचा प्रवासखर्च कोणी द्यायचा, याचे उत्तर व्यवस्थेत ठरलेले नव्हते. म्हणून ते एका प्राचार्याच्या घरावर येऊन पडले. ज्यांच्या वाट्याला असे प्राचार्य आले नाहीत, त्या खेळाडूंची नावे आपल्याला माहीत नाहीत.

मुंबईतला तिकिटांचा वाद

ओमॅलींच्या गोष्टीशी जुळणारा प्रसंग मुंबईतही घडला. चर्चगेटजवळचे ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ साली सुरू झाले. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे होते. कसोटी सामने तिथे व्हायचे, पण ते भरवण्यात मुंबई क्रिकेट असोसिएशनचा वाटा होता. कोणाला किती तिकिटे मिळावीत, यावरून दोन संस्थांत वाद होत राहिले. अखेर असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी अर्ध्या मैलाच्या आतच नवे मैदान बांधायचे ठरवले. वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार ते वर्षभराच्या आसपास उभे राहिले आणि जानेवारी १९७५मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला.

दोन्हीकडे वादाचे मूळ एकच होते : संघ किंवा स्पर्धा एकाची, मैदानावर ताबा दुसऱ्याचा. पण न्यूयॉर्कमधल्या मालकाने त्यातून ‘शिकलेला माणूस कुठे मिळेल’ असे विचारले. मुंबईत तो प्रश्न निघाला नाही, कारण इथे कर्तबगार आणि वजनदार मानद पदाधिकारी ते काम पार पाडत होता. जोपर्यंत काम असे निभावून जाते, तोपर्यंत त्याचे शिक्षण देण्याची गरज कोणाला वाटत नाही. भारतात हा विषय उशिरा येण्याचे एक मोठे कारण हेच आहे.

गर्दीची जबाबदारी कोणाची?

निभावून नेण्याची किंमत काही वेळा माणसांच्या जिवाने मोजावी लागते. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १ जानेवारी १९६७ रोजी भारत-वेस्ट इंडीज कसोटीत क्षमतेपेक्षा जास्त प्रेक्षक आत आले, दंगल उसळली आणि त्या दिवसाचा खेळ होऊच शकला नाही. त्याच मैदानावर १६ ऑगस्ट १९८० रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या फुटबॉल सामन्यात प्रेक्षकांत मारामारी व चेंगराचेंगरी होऊन १६ जण मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ आजही त्या दिवशी रक्तदान केले जाते.

इंग्लंडमध्ये १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत एकूण ९७ प्रेक्षकांचा बळी गेला. चौकशीनंतर वरच्या श्रेणीच्या मैदानांत उभे राहून सामना पाहण्याची सोय काढून सर्वत्र आसने बसवण्यात आली. सुरुवातीला दोष प्रेक्षकांवर ढकलला गेला होता. २०१६ साली ज्यूरीने तो फेटाळला आणि मृतांचा बळी बेकायदेशीरपणे गेल्याचा निर्णय दिला. बंगळुरूत ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जणांनी प्राण गमावले, हे तर तुम्ही अलीकडेच वाचले असेल.

दरवाजे किती, ते कधी उघडायचे, एका मिनिटाला किती माणसे आत येऊ शकतात, रुग्णवाहिका कुठून येईल, कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे, हे सगळे आधी कागदावर मांडता येते. ही कामे झगमगाटाची नाहीत. पण क्रीडा व्यवस्थापन शिकणाऱ्याच्या हातात आयुष्यात कधीतरी हजारो लोकांची सुरक्षितता असणार आहे. अभ्यासक्रमात ‘सुविधा व कार्यक्रम व्यवस्थापन’ हा पेपर कंटाळवाणा वाटला, तर ही नावे आठवा.

दूरदर्शनपासून लीगपर्यंत

१९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांसाठी मोठी मैदाने बांधली गेली. स्पर्धा संपल्यावर ती सांभाळायची कोणी, हा प्रश्न आला. १९८४ साली भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन होण्यामागे ही मैदाने राखणे आणि वापरात ठेवणे हाही एक हेतू होता. १९८७ साली पतियाळा आणि ग्वाल्हेरच्या संस्थाही या प्राधिकरणाच्या छत्राखाली आल्या.

खरा पालट मात्र दूरचित्रवाणीने घडवला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत क्रिकेटचे सामने दाखवणे ही दूरदर्शनची मक्तेदारी होती. १९९३मध्ये क्रिकेट मंडळाने आणि बंगालच्या संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले तेव्हा वाद न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ध्वनिलहरी वाहून नेणारे तरंग ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची त्यावर मक्तेदारी असू शकत नाही. या निकालानंतर सामना दाखवण्याचा हक्क ही खुल्या बाजारात विकता येणारी वस्तू ठरली.

त्याचा आकार कसा वाढला ते पाहा. २००८ साली आठ संघांची इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली. २०१८ ते २०२२ या पाच हंगामांचे तिचे प्रक्षेपण हक्क १६,३४७.५ कोटी रुपयांना गेले, आणि २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे ४८,३९० कोटी रुपयांना. २०१४ साली प्रो कबड्डी आणि इंडियन सुपर लीग सुरू झाल्या. आता संघांना मालक होते, मालकांना करार सांभाळणारे, प्रायोजक आणणारे, तिकिटे विकणारे, खेळाडूंचा प्रवास व निवास पाहणारे, आकडेवारी मांडणारे लोक हवे होते. ओमॅलींचा प्रश्न पन्नास वर्षांनी भारतात आला.

पैसा आला म्हणून व्यवस्था आली, असे मात्र झाले नाही. दिल्लीला २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद नोव्हेंबर २००३मध्येच मिळाले होते. हातात सात वर्षे होती. तरी निर्णय लांबले, शेवटी घाई झाली आणि त्या घाईचे कारण देऊन ठरलेल्या प्रक्रिया बाजूला सारल्या गेल्या, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०११च्या अहवालाने दाखवले. स्पर्धेला काही दिवस उरले असताना मुख्य मैदानाजवळचा पादचारी पूल कोसळून कामगार जखमी झाले. ‘रात्र थोडी, सोंगे फार’ अशी ती अवस्था होती, पण रात्र थोडी झाली ती आपणच आधीचे दिवस घालवल्यामुळे.

पुढे क्रिकेटच्या कारभारासाठी न्यायमूर्ती लोढा समिती नेमली गेली. तिच्या शिफारशी जुलै २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या प्रमाणात स्वीकारल्या. निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांनी धोरण ठरवावे आणि रोजचे व्यवस्थापन पगारी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे असावे, हा त्यातला आपल्या दृष्टीने महत्त्वाचा विचार. २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. नियम वाढले की ते समजणाऱ्या माणसांची गरजही वाढते.

भारतातील अभ्यासक्रम

या पार्श्वभूमीवर आपल्याकडे अभ्यासक्रम आले. त्यांचे ढोबळ तीन प्रकार दिसतात. पहिला, शारीरिक शिक्षणाच्या संस्थांतून वाढलेला. ग्वाल्हेरच्या संस्थेत क्रीडा व्यवस्थापन हा विषय प्रशिक्षणशास्त्राच्या जोडीने शिकवला जातो. दुसरा, व्यवस्थापन संस्थांतून आलेला. कोलकात्याच्या समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन संस्थेचा अभ्यासक्रम या प्रकारातला. तिसरा, केवळ याच क्षेत्रासाठी काढलेल्या संस्थांचा. कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी २०१० साली मुंबईत सुरू केलेली संस्था हे त्याचे उदाहरण. याशिवाय क्रीडा विद्यापीठे निघाली आहेत. मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०१८ साली झाला.

प्रकार वेगळा तसा भरही वेगळा. पहिल्यात खेळाची जाण अधिक, दुसऱ्यात हिशेब आणि बाजारपेठ अधिक, तिसऱ्यात उद्योगाशी ओळख अधिक. कोणता चांगला, याचे एकच उत्तर नाही. तुमच्याकडे आधीपासून काय आहे आणि काय कमी आहे, त्यावर ते ठरते. राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्याला कदाचित ताळेबंद शिकण्याची गरज आहे. वाणिज्य पदवीधराला कदाचित तालुका स्पर्धेच्या मैदानावर पहाटे पाच वाजता उभे राहण्याची.

या इतिहासातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट : प्रवेश घेण्यापूर्वी ओमॅलींचा प्रश्न स्वतः विचारा. ‘ही पदवी मला कोणते काम करायला तयार करते?’ संस्थेने ‘क्रीडा उद्योग वाढतो आहे’ एवढेच उत्तर दिले, तर ते उत्तर नव्हे. उद्योग वाढणे वेगळे आणि तुम्हाला एखादे काम येणे वेगळे. शिकवणारे कोण आहेत, त्यांच्यापैकी किती जणांनी स्पर्धा किंवा मैदान प्रत्यक्ष चालवले आहे, उमेदवारी कुठे आणि किती आठवडे मिळते, मागच्या तुकडीतले विद्यार्थी आज काय करतात, हे विचारा. जमल्यास त्या विद्यार्थ्यांशीच बोला. शुल्क मोठे असेल तर घरच्यांना कर्ज काढायला लावण्याआधी हे सगळे कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट : आपल्याकडे विद्यापीठाच्या आवारात अमेरिकेसारखा मोठा क्रीडा कारभार नाही. त्यामुळे अनुभव तुम्हालाच शोधावा लागेल. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या संयोजनात काम मागा. जिल्हा संघटनेचे सामने असतील तर गुणपत्रक, वेळापत्रक, पाण्याची सोय, पंचांचे मानधन यांपैकी एक जबाबदारी घ्या आणि शेवटी तिचा हिशेब लिहून द्या. नोकरीच्या मुलाखतीत हा एक कागद पुष्कळ बोलतो.

तिसरी गोष्ट : काम फक्त लीगमध्ये नाही. राज्य क्रीडा खाती, क्रीडा प्राधिकरण, राष्ट्रीय महासंघ, अकादमी, शाळा, क्लब, जलतरण तलाव, स्पर्धा आयोजित करणाऱ्या कंपन्या, खेळाडूंचे करार पाहणाऱ्या संस्था, माध्यमे अशी ती यादी आहे. लीगच्या जागा थोड्या आणि अनेकदा हंगामापुरत्या असतात. पगार सुरुवातीला बेताचा असतो. हे माहीत असून आलात तर टिकाल.

चौथी गोष्ट : जुन्या मानद कार्यकर्त्याला कमी लेखू नका. आपल्या खेळांचा बराच इतिहास घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांनी घडवला आहे. उद्या तुम्ही पगारी व्यवस्थापक म्हणून एखाद्या संघटनेत गेलात, तर चाळीस वर्षे मैदानाची आखणी करणारे एखादे काका तिथे भेटतील. त्यांना जे ठाऊक आहे ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते लिहून ठेवण्याची पद्धत मात्र तुम्ही आणू शकता.

समारोप

क्रीडा व्यवस्थापनाचा इतिहास हा जबाबदारी निश्चित करण्याचा इतिहास आहे. एबेट्स फील्डचे मैदान, माँट्रियलचे कर्ज, खाशाबांचा प्रवासखर्च, ईडन गार्डन्सची गर्दी, दिल्लीतले वाया गेलेले दिवस, या प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच होता : हे काम नेमके कोणाचे? जिथे उत्तर आधी ठरले तिथे खेळ नीट झाला. जिथे ठरले नव्हते, तिथे किंमत खेळाडूने, प्रेक्षकाने किंवा एखाद्या भल्या माणसाने मोजली.

पदवी तुम्हाला ‘हे काम माझे’ असे म्हणण्याची तयारी देऊ शकते. नोकरीची हमी ती देऊ शकत नाही. हा फरक समजून जो प्रवेश घेईल, त्याला घरच्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही देता येईल.

स्वाध्याय

१. क्रीडा व्यवस्थापनाचे शिक्षण अमेरिकेत आधी सुरू होण्याची कारणे स्पष्ट करा.

२. डॉजर्सचे स्थलांतर आणि वानखेडे स्टेडियमची उभारणी या दोन घटनांतील साम्य आणि फरक लिहा.

३. मानद कार्यकर्त्यांवर आधारलेल्या क्रीडा व्यवस्थेचे फायदे आणि मर्यादा उदाहरणांसह सांगा.

४. प्रक्षेपण हक्कांबाबतच्या १९९५च्या निकालाचा भारतीय खेळांच्या अर्थकारणावर काय परिणाम झाला?

५. उपक्रम : तुमच्या जिल्ह्यातील एखादी स्पर्धा निवडा. प्रवेशद्वार, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, वेळापत्रक आणि हिशेब या पाच कामांची जबाबदारी कोणाकडे होती, ते संयोजकांना भेटून लिहून काढा. एखाद्या कामापुढे नाव लिहिता आले नाही, तर वर्गात त्यावर चर्चा करा.